मिशिगन स्टेडियम आणि त्याचा परिसर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर या गावात शिकायला आलेले विद्यार्थी, त्यांना भेटायला येणारे आई-वडील आणि डेट्रॉईटच्या आसपास नोकरीनिमित्त स्थायिक झालेली कुटुंबे यांना शरद ऋतू सुरू झाला की एका स्टेडियमविषयी तेच तेच प्रश्न पडतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तो विषयच तसा आहे.

हे स्टेडियम नेमके कुठे आहे आणि त्याला ‘बिग हाऊस’ का म्हणतात?

मिशिगन विद्यापीठाचे हे स्टेडियम अ‍ॅन आर्बरच्या दक्षिण भागात, साऊथ मेन स्ट्रीट आणि स्टेडियम बुलेव्हार्ड हे दोन रस्ते जेथे मिळतात त्या चौकात आहे. विद्यापीठाच्या मध्यवर्ती आवारापासून ते चालत साधारण पंचवीस ते तीस मिनिटांवर येते. कागदोपत्री त्याचे नाव ‘मिशिगन स्टेडियम’ एवढेच आहे. ‘बिग हाऊस’ हे नाव रूढ होण्याचे श्रेय दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध समालोचक कीथ जॅक्सन यांना दिले जाते. अमेरिकन बोलीत ‘बिग हाऊस’ म्हणजे तुरुंग असाही अर्थ होतो. परंतु येथे तो कोणाच्याही मनात नसतो, तेव्हा घरी फोनवर सांगताना कोणी दचकल्यास तेवढा खुलासा करावा.

येथे खेळला जाणारा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल का?

नाही. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. येथील फुटबॉलचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो, आणि तो पायाने मारण्यापेक्षा हातात घेऊन पळण्याचे किंवा फेकण्याचेच काम अधिक असते. एका वेळी प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. तेवढे अंतर कापले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे. १०० यार्ड लांबीच्या मैदानाच्या टोकाला असलेल्या पट्ट्यात चेंडू नेला की सहा गुण मिळतात आणि खांबांच्या मधून चेंडू लाथाडला तर तीन. एवढे समजले की पहिला सामना निभावून नेता येतो. हा खेळ म्हणजे जमिनीच्या मालकीचा वाद आहे आणि तो यार्डायार्डाने लढला जातो, हे एकदा ध्यानात आले म्हणजे कबड्डी पाहत वाढलेल्या माणसाला तो फारसा परका वाटत नाही. प्रत्यक्ष खेळ १५-१५ मिनिटांच्या चार भागांत होत असला तरी घड्याळ सतत थांबत असल्याने आणि मध्ये जाहिराती येत असल्याने सामना सहज साडेतीन तास चालतो.

महाविद्यालयीन संघाचा खेळ पाहायला लाखभर माणसे का येतात?

भारतातून आलेल्या माणसाला सर्वाधिक कोड्यात टाकणारा प्रश्न हाच आहे, कारण आपल्याकडे आंतरविद्यापीठीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यालाही प्रेक्षागृहात बहुधा खेळाडूंचे मित्रच असतात. येथे इतिहासाचा क्रम उलटा आहे. मिशिगन विद्यापीठाचा संघ १८७९ मध्ये पहिला सामना खेळला, तर डेट्रॉईटमध्ये ‘लायन्स’ हा व्यावसायिक संघ १९३४ मध्ये आला. मधल्या अर्धशतकात या राज्यातल्या लोकांना ‘आपला’ म्हणण्याजोगा मोठा संघ विद्यापीठाचाच होता, आणि ही निष्ठा पुढे घराण्यात उतरत गेली. आज स्टेडियममध्ये बसलेल्या अनेकांनी या विद्यापीठात कधी पाऊल टाकलेले नसते. त्यांच्या आजोबांकडे हंगामाची तिकिटे होती, एवढा एकच धागा त्यांना पुरेसा असतो.

दुसरे कारण असे की माजी विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठात परत येण्यासाठी हा एक ठरलेला निमित्तदिवस असतो. हंगामात साधारण सात-आठ शनिवारी घरचे सामने होतात. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत रिकामे राहणारे एवढे मोठे बांधकाम हिशेबाने पाहिले तर वेडेपणाचे वाटते. परंतु या परिसरातले रस्ते, हिरवळी, शाळेचे वाहनतळ आणि घरमालकांची कमाई या सगळ्यांची घडी त्या सात-आठ दिवसांवरच बसलेली आहे.

मग बाहेरून ते एवढे मोठे का वाटत नाही?

कारण त्याचा मोठा भाग जमिनीच्या खाली आहे. मेन स्ट्रीटवरून चालत आलेला माणूस विटांची भिंत ओलांडून आत शिरतो आणि एकदम वरच्या कडेवर उभा राहतो. मैदान त्याच्या पायाखाली, खोल विहिरीच्या तळाशी असावे तसे दिसते. आपण पायऱ्या चढून वर जाण्याची तयारी करून आलेलो असतो आणि प्रत्यक्षात उतरावे लागते. पहिल्यांदा येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची तेथे क्षणभर पावले थबकतात.

ही कल्पना फिल्डिंग योस्ट यांची. १९०१ पासून ते येथे प्रशिक्षक होते आणि १९२१ पासून विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे संचालक. जुने ‘फेरी फील्ड’ अपुरे पडू लागल्यावर त्यांनी खोलगट जागा निवडून तीत कटोऱ्यासारखे स्टेडियम खोदण्याचा आग्रह धरला. येल विद्यापीठाचे तशाच घडणीचे स्टेडियम त्यांच्यासमोर नमुना म्हणून होते. आराखडा क्लीव्हलंडच्या ऑस्बॉर्न इंजिनिअरिंग कंपनीने केला. खोदकामात मोठी अडचण आली ती भूजलाची. या जागेत पाण्याची पातळी इतकी वर होती की जमीन दलदलीसारखी झाली. एक क्रेन त्या चिखलात रुतली, ती काढता आली नाही आणि आजही मैदानाखाली पुरलेली आहे, अशी कथा गावात सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, पाण्याची अडचण मात्र खरी होती.

योस्ट यांची खरी दूरदृष्टी दिसते ती पायाच्या बांधकामात. स्टेडियम उभे राहिले तेव्हा कायमच्या जागा ७२,००० होत्या, पण पुढे एक लाखाहून अधिक माणसांचा भार पेलता यावा अशा बेताने पाया घालून घेतला गेला. त्या काळी अ‍ॅन आर्बर हे एक लहानसे गाव होते, हे लक्षात घेतले म्हणजे हा बेत किती धाडसाचा होता ते कळते.

त्यासाठी पैसा कोणी दिला?

मूळ खर्च सुमारे ९,५०,००० डॉलर झाला. तो कररूपाने उभा न करता रोखे विकून उभा केला गेला. प्रत्येकी ५०० डॉलरचे ३,००० रोखे काढण्यात आले. रोखा घेणाऱ्याला व्याज मिळेच, शिवाय मैदानाच्या मधल्या भागासमोरच्या उत्तम जागांची तिकिटे दहा वर्षे विकत घेण्याचा हक्कही मिळे. लोकांनी केवळ व्याजासाठी पैसे गुंतवले असतील असे मला वाटत नाही. जागेचा हक्क हेच खरे आमिष होते.

उद्घाटन कधी झाले?

पहिला सामना १ ऑक्टोबर १९२७ रोजी ओहायो वेस्लियन संघाविरुद्ध झाला आणि मिशिगनने तो ३३-० असा जिंकला. औपचारिक लोकार्पणासाठी मात्र २२ ऑक्टोबरचा, शेजारच्या ओहायो राज्यातील ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्धचा सामना राखून ठेवला होता. तोही मिशिगनने २१-० असा जिंकला.

आज आसनक्षमता किती आहे? त्या आकड्याच्या शेवटी नेहमी १ का असतो?

अधिकृत क्षमता १,०७,६०१ आहे. अमेरिकेत एवढे मोठे दुसरे स्टेडियम नाही. मुंबईच्या वानखेडेवर सुमारे ३३,००० प्रेक्षक बसतात. म्हणजे तीन वानखेडे एकत्र केली तरी येथे काही हजार जागा उरतील. अहमदाबादचे नरेंद्र मोदी स्टेडियम मात्र याहून मोठे आहे.

आकड्याच्या शेवटचा १ हा १९५६ पासूनचा पायंडा आहे. त्या वर्षी विस्तार होऊन क्षमता १,०१,००१ झाली. ती वरची एक जागा फ्रिट्झ क्रिस्लर यांच्या सन्मानार्थ राखलेली आहे, असे मानले जाते. क्रिस्लर हे आधी प्रशिक्षक आणि नंतर क्रीडा संचालक होते. खेळाडूंच्या शिरस्त्राणावर दिसणारी पंखासारखी पिवळी नक्षीही १९३८ मध्ये त्यांनीच येथे आणली. त्यांची जागा नेमकी कोणती हे कोणी सांगत नाही. त्यानंतर क्षमता कितीही वाढली किंवा घटली तरी शेवटचा १ कायम राहिला.

ते खरोखरच प्रत्येक वेळी भरते का?

८ नोव्हेंबर १९७५ पासून येथील घरच्या प्रत्येक सामन्याला एक लाखाहून अधिक प्रेक्षक आले आहेत. अपवाद फक्त २०२० चा, कारण साथीच्या त्या हंगामात सामान्य प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता. संघाचे हंगाम वाईट गेले, पावसात सामने झाले, प्रतिस्पर्धी दुबळे होते, तरी हा आकडा मोडला नाही. आजवरची सर्वांत मोठी गर्दी ७ सप्टेंबर २०१३ रोजी नोट्रेडॅम विद्यापीठाविरुद्धच्या रात्रीच्या सामन्याला झाली. त्या दिवशी १,१५,१०९ प्रेक्षकांची नोंद झाली. क्षमतेपेक्षा हा आकडा मोठा कसा, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर असे की उपस्थितीच्या नोंदीत वादक, पत्रकार, विक्रेते, कर्मचारी असे आत असलेले सर्वच धरले जातात. शिवाय बहुतेक जागा या पाठ नसलेल्या लांब बाकांवर आहेत, आणि बाकावर माणसे किती मावतात हे थोडे शेजाऱ्याच्या स्वभावावरही अवलंबून असते.

बाकांवर बसणे त्रासदायक नाही का?

आहे. अ‍ॅल्युमिनियमचे बाक नोव्हेंबरात बर्फासारखे थंड असतात, पाठीला टेका नसतो आणि महत्त्वाच्या क्षणी सगळे उभे राहत असल्याने बसून पाहू म्हणणाऱ्याला काही दिसत नाही. विद्यार्थ्यांच्या विभागात तर सामना बहुतेक उभ्यानेच पाहिला जातो. पालकांनी तिकीट घेताना मुलाच्या शेजारी बसण्याचा मोह आवरून वेगळ्या विभागात जागा घ्यावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

पूर्व आणि पश्चिम बाजूंना दिसणाऱ्या उंच इमारती केव्हा झाल्या?

त्या २०१० मध्ये पूर्ण झाल्या. सुमारे २२ कोटी ६० लाख डॉलर खर्चाच्या या कामात खासगी दालने, क्लबमधील आसने, पत्रकारांसाठी नवा कक्ष आणि रुंद जिने बांधण्यात आले. हे स्टेडियम आजवर सर्वांना सारखेच बाकावर बसवत आले, तेव्हा श्रीमंतांसाठी काचेमागची दालने कशाला, असा आक्षेप काही माजी विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी घेतला होता. तो अगदीच अनाठायी नव्हता. मात्र या दोन भिंतींमुळे पूर्वी आकाशात विरून जाणारा आवाज आतच घुमू लागला, हे जुने प्रेक्षकही मान्य करतात.

चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या प्रेक्षकांसाठी पुरेशा जागा नसल्याबद्दल याच काळात न्यायालयात दावा दाखल झाला होता. २००८ मध्ये तडजोड होऊन अशा जागा वाढवण्यात आल्या. ज्येष्ठ नागरिकांना किंवा चालण्याची अडचण असलेल्यांना घेऊन जायचे असेल तर तिकीट काढतानाच तसे कळवावे. आत शिरताना उतरणे सोपे वाटते, पण सामना संपल्यावर त्याच पायऱ्या चढून वर यावे लागते, आणि मागे हजारो माणसे रेटत असतात.

दोन्ही संघ एकाच वाटेने मैदानात येतात, हे खरे आहे का?

होय. पूर्व बाजूला, मैदानाच्या मध्यरेषेसमोर एकच भुयार आहे आणि दोन्ही संघांची ये-जा त्यातूनच होते. यजमान संघ बाहेर पडला की धावत जाऊन मैदानात उंच धरलेल्या निळ्या फलकाला उडी मारून हात लावतो. खेळात रस नसलेल्यानेही एकदा पाहावा असा तो क्षण असतो. एकाच वाटेची दुसरी बाजूही आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मिशिगन स्टेट या राज्यातल्याच दुसऱ्या विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यानंतर याच भुयारात खेळाडूंमध्ये हाणामारी झाली आणि त्यानंतर ही व्यवस्था बदलावी का, याची बरीच चर्चा झाली.

मैदानावर गवत खरे आहे का?

सध्या कृत्रिम आहे. १९६९ मध्ये प्रथम कृत्रिम पृष्ठभाग घातला गेला, १९९१ मध्ये नैसर्गिक गवत परत आले. परंतु भूजलाजवळच्या त्या खोलगट जागेत ते नीट धरेना, म्हणून २००३ पासून पुन्हा कृत्रिम पृष्ठभाग आला. १९२७ च्या पाण्याने असा उशिरा सूड उगवला म्हणायचा.

फुटबॉलखेरीज येथे आणखी काय झाले आहे?

पुष्कळ काही. २२ मे १९६४ रोजी याच मैदानातील पदवीदान समारंभात राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी आपल्या ‘ग्रेट सोसायटी’ या सामाजिक कार्यक्रमाची दिशा मांडली. अमेरिकेच्या विसाव्या शतकातील राजकारणात त्या भाषणाला महत्त्वाचे स्थान आहे. १ मे २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनीही येथेच पदवीधरांपुढे भाषण केले. आजही विद्यापीठाचा वसंत ऋतूतील मुख्य पदवीदान समारंभ येथे होतो. मराठी पालकांपैकी अनेकांची या स्टेडियमशी पहिली भेट खेळामुळे नव्हे, तर मुलांच्या त्या सोहळ्यामुळे होते. मे महिन्यात भारतातून आलेल्यांनी बरोबर गरम कपडे ठेवावेत, कारण तेव्हाही सकाळी चांगलीच थंडी असू शकते.

१ जानेवारी २०१४ रोजी बर्फवृष्टीत येथे डेट्रॉईट रेड विंग्ज आणि टोरोंटो मेपल लीफ्स यांचा आइस हॉकीचा सामना झाला आणि १,०५,४९१ प्रेक्षक आले. त्याच वर्षी २ ऑगस्टला मँचेस्टर युनायटेड आणि रेआल माद्रिद यांच्यातील सामन्याला १,०९,३१८ लोक होते; अमेरिकेत सॉकरच्या सामन्याला तोवर एवढी गर्दी कधीच झाली नव्हती.

सामन्याच्या दिवशी गावात काय घडते?

२०२० च्या जनगणनेनुसार अ‍ॅन आर्बरची लोकसंख्या १,२३,८५१ होती. म्हणजे सामन्याच्या शनिवारी जवळजवळ गावाएवढेच दुसरे गाव स्टेडियममध्ये येऊन बसते. आषाढीच्या दिवसांतले पंढरपूर ज्याने पाहिले आहे त्याला लहान गावावर पडणारा असा ताण समजावून सांगावा लागत नाही. पंढरपूरची गर्दी अर्थातच कित्येक पटींनी मोठी असते, परंतु घराघरात उतरलेले पाहुणे, अंगणात मांडलेल्या खुर्च्या आणि एका दिशेला वाहणारी माणसे यांत साम्य वाटते.

सकाळपासूनच स्टेट स्ट्रीट, हूव्हर अव्हेन्यू आणि मेन स्ट्रीटवरून मक्याच्या दाण्यांसारख्या पिवळ्या आणि गडद निळ्या रंगांचे कपडे घातलेले लोक दक्षिणेकडे चालू लागतात. हूव्हर अव्हेन्यूच्या आसपासच्या जुन्या लाकडी घरांत बहुतांशी विद्यार्थी भाड्याने राहतात. त्यांच्या व्हरांड्यांत सकाळी आठपासून गाणी लागलेली असतात. विद्यापीठाचा वाद्यवृंद आपल्या सरावाच्या इमारतीपासून वाजवत निघतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक त्याची वाट पाहत उभे असतात. स्टेडियमलगतचा मेन स्ट्रीटचा तुकडा सामन्याच्या काही तास आधीच वाहनांसाठी बंद होतो. गावात इतर काम असेल, विशेषतः विमान पकडायचे असेल, तर सामना सुरू होण्यापूर्वीचे दोन तास आणि संपल्यानंतरचे दोन तास टाळावेत. सामना चालू असताना मात्र रस्ते आश्चर्य वाटावे इतके मोकळे असतात. गावातील जाणती मंडळी आठवड्याचा किराणा त्याच वेळी आणतात.

गाडी कुठे लावावी?

मेन स्ट्रीटच्या पलीकडे पायोनियर हायस्कूल ही सार्वजनिक शाळा आहे. सामन्याच्या दिवशी तिचे आवार हे परिसरातील सर्वांत मोठ्या वाहनतळांपैकी एक बनते आणि त्या शुल्कातून शाळेला उत्पन्न मिळते. स्टेडियम बुलेव्हार्डच्या दक्षिणेला विद्यापीठाचे गोल्फचे मैदान आहे. विख्यात रचनाकार अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांनी आखलेल्या आणि १९३१ मध्ये सुरू झालेल्या या मैदानावरही गाड्यांच्या रांगा लागतात. गोल्फप्रेमींना ते पाहवत नाही, पण पर्याय नाही. याखेरीज आसपासचे घरमालक हातात पाटी घेऊन उभे राहतात आणि आपल्या हिरवळीवर गाड्या लावू देतात. दर प्रतिस्पर्ध्यानुसार बदलतो. अशा ठिकाणी आपली गाडी दुसऱ्या गाडीमागे अडकणार नाही ना, हे आधीच विचारून घ्यावे.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गाडी दूर लावून चालणे, किंवा ‘द राइड’ या स्थानिक बससेवेच्या गाड्या घेणे. शिकागोहून रेल्वेने येणाऱ्यांसाठी अ‍ॅमट्रॅकचे स्थानक गावाच्या उत्तर भागात आहे आणि डेट्रॉईटचा विमानतळ साधारण ४० किलोमीटरवर आहे.

‘टेलगेट’ म्हणजे काय? निमंत्रण नसताना जावे का?

गाडीचा मागचा दरवाजा उघडून, शेगडी पेटवून, सामन्याआधी मित्रमंडळींसह खाणेपिणे करण्याच्या रिवाजाला टेलगेट म्हणतात. अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे ठरलेल्या जागीच गाड्या लावतात, आणि काहींच्या लेखी सामन्यापेक्षा हाच कार्यक्रम महत्त्वाचा असतो. अनोळखी माणसाने सरळ जाऊन ताट उचलू नये. पण उभे राहून दोन शब्द बोललात तर हातात काही तरी ठेवले जाण्याचीच शक्यता जास्त. शाकाहारी माणसाची येथे थोडी पंचाईत होते, कारण शेगडीवर मुख्यतः मांसच असते. डेट्रॉईटकडच्या मराठी मंडळींच्या टेलगेटमध्ये मक्याची कणसे आणि पनीर भाजले जाते, वडापावही दिसतो. तेव्हा ओळख काढणे फायद्याचे.

आत जाताना काय जवळ ठेवावे आणि काय नाही?

तिकीट मोबाईलवर असते, म्हणून तो पूर्ण चार्ज करून न्यावा आणि लाखभर माणसांच्या गर्दीत नेटवर्क मंदावते हे ध्यानात घेऊन तिकीट आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावे. पिशव्यांबाबतचे नियम कडक आहेत आणि ते अधूनमधून बदलतात. त्या आठवड्याची अधिकृत सूचना वाचूनच निघावे. साडीवर घ्यायची मोठी पर्स घरीच ठेवलेली बरी. विद्यापीठाच्या संपूर्ण परिसरात २०११ पासून धूम्रपानाला मनाई आहे. मद्यविक्री २०२४ च्या हंगामापासून आत सुरू झाली, आणि मद्य घेणाऱ्याला वयाचा पुरावा दाखवावा लागतो. एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत घेतील असे गृहीत धरू नये.

सामन्याची वेळ आधी का कळत नाही?

कारण ती दूरचित्रवाणी वाहिन्या ठरवतात. तारीख फार आधी जाहीर होते, परंतु सामना दुपारी बाराला, साडेतीनला की रात्री हे अनेकदा आठवडा-दोन आठवडे आधीच कळते. भारतातून येणाऱ्या पालकांचे विमान बसवताना तो संपूर्ण शनिवार मोकळा ठेवावा.

ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याला एवढे महत्त्व का?

शेजारी राज्यांचे हे वैर जुने आहे आणि नोव्हेंबरच्या अखेरीस, नियमित हंगामाच्या शेवटच्या सामन्यात त्याचा निकाल लागतो. या सामन्याला दोन्हीकडचे लोक नुसते ‘द गेम’ म्हणतात. १९६९ मध्ये बो शेंबेकलर या नव्या प्रशिक्षकाच्या संघाने अजिंक्य मानल्या जाणाऱ्या ओहायो स्टेटला येथे २४-१२ असे हरवले, त्याच्या आठवणी आजही निघतात. हा सामना एका वर्षी येथे आणि पुढच्या वर्षी ओहायो स्टेटच्या कोलंबस या गावी होतो. २०२३ मध्ये तो येथे झाला. मिशिगनने ३०-२४ असा विजय मिळवला आणि पुढे जानेवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाला ३४-१३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपदही पटकावले. या सामन्याच्या दिवशी लाल शर्ट घालून गावात फिरू नये. लाल हा ओहायो स्टेटचा रंग आहे आणि टोमणे ऐकावे लागतात.

खेळाडूंना पैसे मिळतात का?

दीर्घकाळ शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्यास मनाई होती, आणि लाखभर तिकिटे विकली जात असताना हा न्याय अनेकांना खटकत असे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाच्या आणि छबीच्या वापरातून कमाई करण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ पासून विद्यापीठे आपल्या उत्पन्नातील वाटा थेट देऊ लागली.

सामना नसलेल्या दिवशी या परिसरात पाहण्यासारखे काय आहे?

स्टेडियमच्या शेजारी ‘क्रिस्लर सेंटर’ हे बास्केटबॉलचे बंदिस्त प्रेक्षागार आहे. १९६७ मध्ये सुरू झालेल्या या इमारतीचे वास्तुरचनाकार डॅन ड्वॉर्स्की हे स्वतः क्रिस्लर यांच्या हाताखाली फुटबॉल खेळलेले होते. उत्तरेकडे थोडे चालले की १९२३ चे योस्ट फील्ड हाऊस लागते. तेथे आता आइस हॉकी खेळली जाते.

त्याच्या जवळच जुने ‘फेरी फील्ड’ आहे, आणि मला विचाराल तर या परिसरातील सर्वांत मोलाची जागा तीच आहे. २५ मे १९३५ रोजी ओहायो स्टेटचा विद्यार्थी जेसी ओवेन्स येथे धावला. पाठ दुखावलेली असताना पाऊण तासाच्या आत त्याने तीन जागतिक विक्रम मोडले आणि चौथ्याशी बरोबरी केली. बर्लिन ऑलिंपिकमधील त्याची चार सुवर्णपदके सर्वांना माहीत असतात. त्याआधीच्या वर्षीचा हा पाऊण तास फार थोड्यांना ठाऊक असतो. तेथे त्याच्या स्मरणार्थ फलक लावला आहे. प्रतिस्पर्धी विद्यापीठाच्या, तेही ओहायो स्टेटच्या, खेळाडूचा फलक मिशिगनने आपल्या आवारात लावला, हे या गावातले वैर जाणणाऱ्याला विशेष वाटते.

इतिहासाची आवड असणाऱ्यांनी विद्यापीठाच्या नॉर्थ कॅम्पसवरील जेराल्ड फोर्ड ग्रंथालयही पाहावे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फोर्ड विद्यार्थिदशेत याच स्टेडियममध्ये खेळले आणि १९३४ मध्ये संघातील सर्वांत मोलाचे खेळाडू ठरले.

स्टेडियमच्या आत मात्र सामन्याविना सरसकट प्रवेश नसतो. फाटक बंद असले तरी त्याच्या गजांमधून मैदान आणि समोरच्या रांगा दिसतात. मंगळवारच्या एखाद्या दुपारी तेथे उभे राहिले तर शेजारच्या रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीखेरीज काही ऐकू येत नाही.